पांढरीच्या मातीतला तुकडा

माय, आज आपल्या घराचं मातीचं धाबं उतरवलं. स्लॅब टाकायचाय म्हणून भावानं गडी लावलेत, आणि मी सकाळीच शहरातून गावी येऊन मातीच्या ढिगापाशी चाळणी घेऊन बसलेय. "ताई, येडी झालीस का? मातीत काय सोनं हाय व्हय?" भाऊ हसतो. सोनं नाय रे बाबा, त्याहून लई मोठं हाय, म्हणलं.

धाबं गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात आपण पांढरीवरून, गावाबाहेरच्या त्या जुन्या उजाड गावठाणावरून, माती आणायचो. तू खणायचीस, मी पाटी भरायचे. एकदा मातीतून पांढरा, गुळगुळीत, वाकडा तुकडा निघाला. मी तो मनगटावर धरून मिरवायला लागले तर केवढ्यानं ओरडलीस, "हाड हाय ते, मुडद्याचं! टाक आधी!" घरी आल्याबरोबर मला डोक्यावरून अंघोळ घातलीस. तुकडा मी परकराच्या ओच्यात लपवून आणला होता. तो सापडल्यावर तू सरळ धाब्यावर भिरकावलास आणि वरून माती चोपलीस. मी रुसून बसले. वाण्याच्या कॅलेंडरवर समुद्र पाहिल्यापासून तुला त्याचाच ध्यास, म्हणून समजूतही त्याच्याच नावानं घातलीस, "रडू नको. एकदा समुद्र बघाया जाऊ. दोघीच."

मागच्या महिन्यात शहरातल्या संग्रहालयात काचेमागं तस्साच तुकडा दिसला. खाली लिहिलं होतं, शंखाची बांगडी. अगं माय, हाड नव्हतं ते! कुणीतरी समुद्रात बुडी मारून शंख काढला, कुणी तो कापून घासला, मग बंदरावरून बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवला, पैठणच्या बाजारात मांडला. आणि आपल्याच पांढरीवर राहणाऱ्या कुण्या बाईनं ती बांगडी हातात भरली, तुझ्या-माझ्या किती पिढ्यांआधी. ज्याच्यासाठी तू जन्मभर झुरलीस त्याचा तुकडा आपल्या डोक्यावर होता, आणि आपण त्याच्याखाली भाकरी खाऊन झोपत होतो.

आज दुपारी तो तुकडा सापडला. धुतला तर दुधासारखा उजळला. भावाच्या हातावर ठेवून शंखाचं सगळं सांगितलं. "आपल्या गावात समुद्र?" एवढंच म्हणाला. मी तो मनगटावर धरला. ओरडायला तू नव्हतीस.

हे पत्र टाकू तरी कुठं? राहू दे माझ्यापाशी. एक मात्र सांगते. तू गेल्यावर मुंबईला कितीदा जाऊन आले, पण समुद्राकडं कधी वळले नाय. दोघीच म्हणाली होतीस ना.