आईच्या डोक्यातलं लोखंड

प्रिय आयविन,

तू फोन उचलत नाहीस. शेजारचा ओडवार उद्या तुझ्याकडे त्रोनहाइमला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. आई रविवारी सकाळी गेली. बाबा उशाशी होते, मी खाली कॉफी करत होते.

दिवसभर लोक येताहेत. बेटावरच्या प्रत्येकाला तिनं कधी ना कधी बसमधून शाळेत सोडलेलं. ओडवार म्हणाला, "बाईनं नवऱ्यालासुद्धा तिकिटाशिवाय चढू दिलं नाही." सगळे हसले, बाबासुद्धा. मला मात्र तो दिवस आठवला. रस्त्याचं वळण न् वळण पाठ असलेली आई फाट्यावर बस थांबवून मागच्या बायकांना विचारत होती, "आता कुठं वळू गं?"

त्यानंतरच तू त्या नव्या औषधाच्या चाचणीचं सुचवलंस. या विसरण्याच्या आजारात मेंदूत लोखंड साचतं, गोळी ते धरून बाहेर काढते, हे तू स्वयंपाकघरात किती जीव तोडून समजावलं होतंस! आई म्हणाली, "निघेल ते भंगारात घाल आणि मला नवी किटली आण." खरी गोळी कुणाला, बिनऔषधाची नुसतीच कुणाला, हे तुलाही ठाऊक नव्हतं. वर्षभरात ती आपल्या दोघांची नावं विसरली. मग निकाल आला. खरी गोळी घेणारेच जास्त वेगानं घसरले होते. मेंदूला लागणारं लोखंडही बहुधा गेलं असावं, असं तू सांगत होतास. आईची गोळी खरी होती. जेवता जेवता बाबांनी काटा-चमचा खाली ठेवला. "लोखंड काढता काढता माझी बायकोच काढून नेलीस." तू ताटातला मासा तसाच टाकून बोट गाठलीस. मेंदूवरचं संशोधन सोडून शाळेत शिकवतोस, हेही मला परक्यांकडून कळलं.

काल आम्ही तिचं कपाट आवरत होतो. बाबा एकदम पलंगावर बसले. म्हणाले, "मी तिला नको म्हटलं होतं. ती म्हणाली, मला घ्यायचीय. बिघडलं तर पोराला बोल लावायचा नाही, वचन दे. मी दिलं होतं गं, हिल्डे." मग कितीतरी वेळ रडत होते. पुढच्या शुक्रवारी चर्चमध्ये निरोप आहे. शवपेटी उचलायला सहा जण लागतात. बाबांनी पाचच नावं दिलीत. पाद्रीबाईंनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "सहावा बोटीनं येईल." सकाळचीच बोट धर.

तुझीच,
हिल्डे