लमियाबाईंना शुक्रवारचं जेवण

माझी मब्रूका,

अल्लाह तुझ्या घरावर सावली धरो. आम्ही ट्युनिसला सुखरूप आहोत, काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

तुझ्या रिहाबला आखातात काम देणारी लमियाबाई तुझ्याच घरी उतरलीय, म्हणून फोन न करता पत्र गाडीवाल्याच्या हाती धाडते. वाचून चुलीत घाल. बाई स्वतःला सरकारी म्हणवते, फुकट तिकीट देते आणि पोरीचा पासपोर्ट आपल्या पर्समध्ये ठेवते. माझ्या हिशोबात हे बसत नाही.

पोलीस म्हणाले, कामगार कचेरीत जा. कचेरीवाले म्हणाले, पोलिसांत जा. शेवटी मी मानवी तस्करीविरुद्धच्या सरकारी समितीत गेले. तिथल्या बाईने माझ्यासमोर दोघांनाही फोन लावला.

"सरकारी माणसं कुणाचा पासपोर्ट ठेवून घेत नाहीत, मावशी. शुक्रवारी दुपारी दोघे मिळून येतील."

"येतील ना? की वाटेत पुन्हा तू जा, तू जा?"

तिने तुझ्या घरचा पत्ता लिहून घेतला.

लमियाबाई शुक्रवारीच पोरीला नेणार ना? तिला कुसकुससाठी थांबव. सावकाश वाफव, मटण कच्चं आहे म्हण. तरी कोणी आलं नाही, तर बाहेरून कडी घाल. पाहुणीला कोंडल्याचं पाप अल्लाहच्या दारी माझ्या नावावर मांड.

तुम्हा सगळ्यांसाठी दुआ मागणारी,
तुझी ताई दलंदा