फटीतला उजेड

ताईस नमस्कार. आधी वाच, मग रागाव.

मी घासलेल्या लोखंडी ठोकळ्याला मिस्त्रींनी काटकोन तपासायचा गुण्या लावला, फटीतून उजेड दिसला आणि तिथेच माझा माज उतरला. “कॉलेज सोडलंस, आता हेही सोड,” म्हणाले. मी कानस आपटून निघालो, पण कारखान्याच्या दारातून परत फिरलो.

आज आठला पुन्हा परीक्षा आहे. उजेड दिसला तर घरी धाडतील.

आईला सांग, वेळेवर जेवतो. हाताच्या फोडांचं नको सांगू. शेजारची ती माझी चौकशी करते का? खरं सांग, नाहीतर खोटं तरी नीट सांग.

खोलीचं लोखंडी दार आपटल्याशिवाय लागत नसे. राग काढायला मला ते बरंच होतं. काल त्याची कड घासली. निघतो.

तुझा तिरसट भाऊ

ता. क. दाराबाहेर उभा राहून लिहितोय. एका बोटाने लागलं.