तिसरा हात

दि. ३ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि., आणि या खेपेला विशेष खरोखरच आहे. फोनवर बोलताना तुम्हाला दम लागतो, मग मामी फोन काढून घेतात आणि मला माझं वजन विचारतात. म्हणून लिहिते आहे.

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका त्यांची जुनी मोटार माझ्याकडे रंगवायला घेऊन आले, हे मी कळवलं होतं. त्यांना साधा रंग नको होता. आधी थर्मासचं झाकण आणलं, असाच निळा हवा म्हणाले. मी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना करून दिला, तो त्यांनी दोन दिवस उन्हात ठेवून बघितला आणि नाही म्हणाले. मग मला बाहेर नेऊन समोरच्या कठड्यावरचं कबुतर दाखवलं. मानेजवळचा तो राखाडी, इकडून हिरवा, तिकडून जांभळा. त्यासाठी रंगावर मोतिया थर द्यावा लागतो, आणि वर पारदर्शक. कबुतर काही एका जागी थांबेना आणि मी मान वाकडी करून त्याच्या मागे मागे. रस्त्यावरच्या लोकांची फुकट करमणूक झाली. चौथ्या नमुन्याला जमलं.

गाडी सुरेख झाली आहे. अडलं ते बिलापाशी. सुरुवातीला मी सत्तर तासांचा अंदाज दिला होता, बिल झालं एकशे चार तासांचं. काकांनी दुसऱ्या गॅरेजात चौकशी केली, तिथे पंचावन्न तासांत करून देतो म्हणाले. काका भांडले नाहीत, तेच मला जास्त लागलं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी चारही दारं तपासली, काम चोख आहे म्हणाले, आणि मग शांतपणे एवढंच, की पैसे देतो, पण वरचे चौतीस तास कुठे गेले ते दाखव. आपणही मजुरीवरच जगतो, हेही म्हणाले.

मला दाखवता आलं नाही. भिंतीवरच्या कामाच्या कार्डावर सगळं आहे, रोजच्या रोज लिहिलेलं. रंग वाळत असताना मी जांभया देत बसले, त्यातलं एक मिनिटही धरलेलं नाही. तरी त्यांच्यासमोर उभी असताना माझं मलाच वाटायला लागलं, मी रेंगाळते की काय? का नकळत फुगवते? दुकान टाकून जेमतेम आठ महिने झालेत. तिचे तास खरे नसतात, एवढं त्यांनी चार गिऱ्हाइकांना सांगितलं तरी इथे कुणी फिरकायचं नाही. पण खरं सांगू का, त्याहूनही मला हे जाणून घ्यायचं आहे, की ते खरे आहेत ना.

काकांनी विचारलं, या कामातलं जाणतं कोण. मी तुमचं नाव घेतलं, आणि तुम्ही माझे मामा आहात, मला तुम्हीच शिकवलंत, हेही लपवलं नाही. ते म्हणाले, उलट बरं, शिकवणारा माणूस सवलत देत नाही. तुम्ही सांगाल तो आकडा आम्हा दोघांना मान्य आहे. याल का?

मामींना नमस्कार. वजन होतं तेवढंच आहे. लोभ आहेच, तो निकालानंतरही राहू द्यावा.

तुमची
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. पत्र पोचलं. कबुतराचं मामीला वाचून दाखवलं, ती दोन दिवस हसते आहे.

सोळा तारखेला सकाळच्या गाडीने येतो. तुझ्याकडे उतरणार नाही, आणि निकाल लागेपर्यंत तुझा चहासुद्धा घेणार नाही. पंचाने एका बाजूचा चहा प्यायला की दुसरी बाजू घोट मोजत बसते. मामीने माझ्याबरोबर पाण्याची बाटली द्यायचं कबूल केलं आहे. रंगाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही असं मात्र तिने माझ्याकडून वदवून घेतलं. तेव्हा गाडी बाहेर उजेडात काढून ठेव. पुसू नकोस, जशी आहे तशी बघू दे. कार्डही भिंतीवरून काढू नकोस, आणि नव्याने लिहून तर अजिबात काढू नकोस. तुझं अक्षर मला लागतं.

एक आधीच सांगून ठेवतो. तास किती लागले हे तुझं कार्ड सांगेल, त्यावर माझा विश्वास आहे. किती लागायला हवे होते, ते गाडी सांगेल. या दोहोंत फरक निघाला तर तो कुणी सोसायचा, एवढंच मला ठरवायचं आहे. जादा वेळ लागला म्हणजे लबाडी झाली असं नाही. ते डोक्यातून काढ आणि नीट झोप.

दुसऱ्या गॅरेजचे पंचावन्न तास मनावर घेऊ नकोस. गाडी न उघडता सांगितलेला आकडा कुणाचाही सुबकच असतो.

मामीचे आशीर्वाद. तिला वजनाचा नेमका आकडा हवा आहे. माया आहे, ती मोजायला पंच लागत नाही.

तुझा
मामा

दि. १९ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. तुम्ही सुखरूप पोचल्याचं मामींच्या फोनवरून कळलं. तुम्ही आलात हे बरं वाटलं, आणि तुम्ही ज्या तऱ्हेने गेलात ते बरं वाटलं नाही. ते लिहूनच टाकते.

सकाळी किती खुशीत होतात. गाडीभोवती फिरलात, खाली वाकून दाराच्या कडा बघितल्यात, काकांशी तर असे बोलत बसलात की तुमची जुनी ओळख असावी. त्यांनी तुमच्या मनगटावरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणून तिथल्या तिथे उघडलं, तेही तुम्ही उघडू दिलंत. मोतिया थर कुठेही ढगाळलेला नाही, हे तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात तेव्हा मी गाडीच्या टपामागे तोंड लपवलं.

मग दुकानात येऊन कार्ड वाचायला लागलात. मी पाहत होते. वरून खाली आलात, एका ओळीपाशी बोट थांबलं, आणि मग तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात, खूप वेळ. काकांनी विचारलं तर म्हणालात, लेखी कळवतो. मला तर काहीच नाही. बसपाशी सोडायला आले तेव्हाही फक्त हातमोजे घालत जा म्हणालात.

चूक सापडली असेल तर ती सांगायला माझी भीड कशाला? मी आता लहान नाही. तुम्ही चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या रंगवल्यात, मला काय दिसत नाही ते तुम्हाला दिसलं असणार. तीन रात्री तेच कार्ड पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि मला ते स्वच्छ दिसतं. म्हणूनच जास्त धास्ती वाटते.

लवकर लिहा. माझ्यावर रागावला असलात तरी लोभ त्याच जागी ठेवा.

तुमची
भिंगरी

दि. २४ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. तुझ्यावर रागावलेलो नाही. आधी निकाल लिहितो, कारण तो सोपा आहे. काकांनाही आजच वेगळं पत्र टाकलं.

चौतीसपैकी अकरा तास नमुन्यांचे. रंग त्यांनी बदलला, झाकणाचं कबुतर त्यांनी केलं. ते त्यांनी द्यावेत. आठ तास दाराखालच्या गंजाचे. जुना रंग खरवडल्याशिवाय गंज दिसत नाही, आणि तू त्याच दिवशी त्यांना फोन करून विचारलं होतंस. तेही त्यांचे. उरले पंधरा. कार्डावर तू लिहिलं आहेस, प्राइमरवर पॉलिश पेपरचा तिसरा हात, पंधरा तास. हे पंधरा तास तू घेऊ नयेस. बिल एकोणनव्वद तासांचं व्हावं.

आता जे अवघड आहे ते.

तिसरा हात असा काही नसतो, भिंगरी. रंगाखालचा प्राइमर दोनदा घासायचा, एकदा कोरडा, एकदा पाण्याने, आणि रंगाला लागायचं. सगळे तेच करतात. तू कधी दुसऱ्या गॅरेजात काम केलं नाहीस, म्हणून तुला कळायला वाव नव्हता.

ताई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस. तेराव्या की चौदाव्या दिवशी तू गॅरेजात आलीस आणि कोपऱ्यात बसून राहिलीस. मी तुला एक सुटं दार दिलं, पेपर दिला, पाण्याची बादली दिली. संध्याकाळपर्यंत तू ते दोनदा घासलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. काम संपलं असं म्हटलं असतं तर तू घरी गेली असतीस, त्या घरी. मी म्हणालो, अजून एक हात बाकी आहे.

आठवडाभराची थाप होती ती. पण पुढच्या गाडीला तू आपणहून तिसऱ्यांदा पेपर घेतलास, आणि मला सांगवलं नाही. मग मीही दुसऱ्या बाजूने घासायला लागलो. तू डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये गाडी. आपण तासन्‌तास बोलायचो नाही. मी स्वतःला सांगायचो की पोरीसाठी करतो आहे. ती माझीही बहीण होती, हे मी गाडीच्या त्या बाजूला राहून विसरायला बघत होतो, हे आता कळतं.

ते तास मी कुणाच्याही बिलात कधी धरले नाहीत. पण बिलं मी लिहायचो, तू ती पाहिली नाहीस. अंदाजाचे आकडे तेवढे माझ्याकडून उचललेस, त्यांत तो हात नव्हता. शिकवलं ते अर्धवट शिकवलं. चौदा वर्षं गेली आणि त्यात एक दिवस मला तोंड उघडायला सापडला नाही. त्या दिवशी तुझ्या भिंतीवर, तुझ्या अक्षरात, ते कामाच्या नावासारखं लिहिलेलं दिसलं आणि मला तिथे उभं राहवेना.

तुझे तास खरे आहेत. चूक माझी आहे, आणि काकांना मी तसंच लिहिलं आहे. ते का घडलं ते लिहिलं नाही, ते तुझं आहे. पंधरा तासांची भरपाई मी पाठवणार होतो, मामी म्हणाली, पोर ती तोंडावर फेकेल. म्हणून पाठवत नाही.

रागावलीस तर तुझा हक्क आहे. राग ओसरला की चार ओळी टाक.

तुझा
मामा

दि. ११ एप्रिल

ती. मामांस,

सा. न. वि. वि. मामी म्हणाल्या ते बरोबर होतं, फेकले असते.

रागावले होते. दोन दिवस नाही, चांगले दहा दिवस. चौदा वर्षं मी जे मनापासून केलं ते नसतंच, हे ऐकून आपण वेडे ठरलो असं वाटलं. शिवाय मी ते इतरांना अभिमानाने सांगत होते, आमच्याकडे तीन हात होतात म्हणून. किती जणांनी मनात हसून घेतलं असेल.

काकांकडे मात्र लगेच गेले. तुमचं पत्र त्यांनी घड्याळाच्या सुट्या चाकांशेजारी उघडून ठेवलं होतं. एकोणनव्वद तासांचे पैसे त्यांनी मोजून दिले. मग विचारलं, की ते पंधरा तास तू खरोखर घासत होतीस ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग तू खोटं लिहिलं नव्हतंस, चुकीचं शिकली होतीस, एवढंच. त्यांनी ते पैसे देऊ केले नाहीत आणि मला त्याचं बरं वाटलं. काल त्यांनी त्यांच्या मेहुणीला माझ्याकडे पाठवलं, तिच्या गाडीचा टप आणि बॉनेट रंगवायचं आहे.

मधल्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंची छोटी लाल गाडी आली. अंदाज देताना पहिल्यांदाच नीट हिशेब केला, तिसरा हात वगळून, आणि तसाच पाळला. दोन हात झाले आणि मी थांबले. हात आपोआप बादलीकडे गेला, तो मागे घेतला. रंग दिला, पारदर्शक थर दिला, आज सकाळी उजेडात काढून बघितली. काही फरक नाही, मामा. शोधून सापडला नाही.

आणि आता दुपारचे तीन वाजलेत. बाईंची गाडी उद्या न्यायची आहे, दुसरं काम पुढच्या बुधवारी आहे, आणि दुकानात मी एकटी, मोकळी. असा वेळ मला कधी उरलाच नव्हता. झाडून झालं, रंगाची गन धुवून झाली. मग बाकावर बसले आणि आईची आठवण आली, सरळ, मध्ये काहीच नसताना. मी बराच वेळ रडले. काही बिघडलं नाही.

त्यातून उठल्यावर एक सुचलं, ते विचारते. ती माझी आई होती हे मला ठाऊक आहे. तुमची बहीण म्हणून कशी होती, हे मी कधी विचारलंच नाही. तुम्हाला मारायची का? तुमच्याकडून काय काय लपवायची? तुम्ही नेहमी गाडीच्या पलीकडे असायचात, आणि मला वाटायचं तुम्ही मन लावून काम करताय.

रविवारी सकाळी येते आहे. दोन दिवस राहीन. मामींना म्हणावं, वजन काट्यावरच करून घ्या. आणि तुम्ही माझ्यासाठी काही काम काढून ठेवू नका.

तुमची
भिंगरी