पाच वाजताची नवी धून

३ एप्रिल
ऑफिसात नवं ध्वनिक्षेपण यंत्र आलं. गावभर मिळून सतरा भोंगे, सगळे डिजिटल. गेली चाळीस वर्षं संध्याकाळी पाचला वाजणारी घंटा जुन्या यंत्रातच अडकलेली आहे, ती नव्यात घालता येईल की नाही सांगता येत नाही, असं टेक्निशियन म्हणाला. म्हणजे मिनाउरा गावाला नवीन धून लागणार. मी चहाचा कप हळूच खाली ठेवला. आपत्ती निवारण विभागात एकोणतीस वर्षं काढली ती उगाच नाही.

४ एप्रिल
नोंद असावी म्हणून लिहितो. व्हिडिओ गेम खेळायचे नसतात, ऐकायचे असतात, हा शोध मी तेराव्या वर्षी लावला. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानाबाहेर मशीन असायचं. बाकीची पोरं उड्या मारायची आणि मरायची, मी डोळे मिटून उभा. एका वेळी फक्त तीन सूर आणि वर थोडी खरखर. एवढ्याशा भांडवलात त्या गेमच्या संगीतकारांनी जंगल केलं, बर्फ केला, राजवाडा केला. आजकाल शंभर वादकांचा ताफा घेऊन बसतात आणि लिफ्टमध्ये वाजण्यासारखं काहीतरी करतात.
बाविसाव्या वर्षी ओसाकातल्या एका गेम कंपनीला मी माझ्या धुनांची कॅसेट पाठवली होती. उत्तर आलं नाही. पोस्टात गहाळ झाली असणार. दुसरं कारण संभवत नाही.

५ एप्रिल
संकल्प. एक, धून १५ तारखेपर्यंत पूर्ण. दोन, तीन सूर आणि खरखर यापलीकडे एक थेंबही वापरायचा नाही. तीन, रोज सकाळी पाचला उठून काम.

६ एप्रिल
सात वाजता उठलो. संगीतकाराला झोप लागतेच.

१४ एप्रिल
कामाला वेग आहे. सुरुवात सुचली. चार सूर, झपाझप वर चढणारे, टि-रि-रि-रिं. माणूस कुठेही असो, ताठ बसला पाहिजे. बायकोला, फुसाएला ऐकवलं. ती मासा कापत होती, हातातली सुरी निसटली. एवढा परिणाम. ती म्हणाली, अहो, छातीत धस्स झालं. मी म्हणालो, कला म्हणतात ती हीच. ती म्हणाली, असेल, पण जेवताना टेबलावर बोटांनी वाजवू नका, दारात पाहुणे आल्यासारखं वाटतं.

१५ एप्रिल
मुदत संपली. परागकणांचा त्रास. डोळे सुजले असता सूर सुचत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे.

२८ एप्रिल
पूर्ण. एकूण बेचाळीस सेकंद. शेवटी खरखरीचा एक लांब लोट टाकला आहे, किनाऱ्यावर लाट फुटावी तसा. आपलं गाव समुद्राकाठचं, म्हणून. ऐकताना मला स्वतःलाच भरून आलं. मधला भाग जरा गडद आहे. त्यात संध्याकाळची हुरहूर आहे.

३० एप्रिल
नव्या धुनीसाठी ऑफिसने स्पर्धा ठेवली आहे, तीत माझी धून टोपणनावाने दिली. जुन्या गेममध्ये शेवटी नावं यायची ती सगळी टोपणनावं. दुसऱ्या कंपनीने माणसं पळवू नयेत म्हणून खरी नावं लपवायचे. माझं नाव ‘नीलगरुड’. लिफाफा साहेबांच्या, म्हणजे कादोवाकीसानच्या टेबलावर ठेवला आणि साळसूदपणे फायली चाळत बसलो.
साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. लिफाफा उघडला, अक्षराकडे पाहिलं आणि तिथूनच विचारलं, निशिगुचीसान, हा नीलगरुड तुमच्याच खुर्चीत बसतो ना? कसं ओळखलं कुणास ठाऊक. लिफाफा ऑफिसचा होता, पण तो कुणीही घेऊ शकतो.

७ मे
स्पर्धेत एकूण तीन अर्ज. माझा, शाळेच्या गायनवृंदाचा, आणि एक अर्ज नव्हताच, कुत्रा घंटा ऐकून रडतो अशी तक्रार होती. गायनवृंदाची ध्वनिफीत साहेबांना आवडली होती. मी तीन वेळा चहा नेऊन दिला आणि तीन वेळा विषय काढला. शेवटी साहेब म्हणाले, एकदा, फक्त एकदाच वाजवून बघू. पण गावाला आधी नीट कळवायचं, फिरत्या पाटीवर लिहून. ते काम तुमचं. नीट लिहा.
नीट म्हणजे काय, मला सांगायला हवं का.

९ मे
पाटीवरचा मजकूर सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत लिहिला. ‘नव्या धुनीची चाचणी’ असं कुणीही लिहील. त्यात उत्कंठा कुठे? मी लिहिलं: ‘२० मे रोजी संध्याकाळी ठीक पाच वाजता आपल्या गावात असं काही घडेल, जे आजवर घडलेलं नाही. त्या वेळी शक्यतो घरीच असावं. मनाची तयारी ठेवावी. आपत्ती निवारण विभाग.’
पाटी या घरातून त्या घरात जाते, वाचून झालं की प्रत्येकाने आपला शिक्का उमटवून शेजारी द्यायची. एकही घर सुटत नाही. माझी पहिली जाहीर मैफल, आणि निमंत्रण प्रत्येक घरात.

१३ मे
प्रतिसाद अपेक्षेपलीकडे. सगळीकडे कुजबूज. किराणा दुकानात पाण्याच्या बाटल्या संपल्या. उकाडा वाढलाय.

१५ मे
वाटेत सुगिमोरीकाका भेटले. पूर्वी यांची मासेमारीची बोट होती, आता वाडीचे प्रमुख. लहानपणापासून ते मला मोरी म्हणतात. म्हणाले, मोरी, वीस तारखेचं खरं का? मी म्हणालो, अगदी खरं. ते म्हणाले, तुला कसं कळलं? मी म्हणालो, आतूनच आलं काका. त्यांनी समुद्राकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, बूट घालून बसावं म्हणतोस? मी म्हणालो, तुम्हाला बरं वाटेल तसं बसा. जाताना त्यांनी माझा खांदा दाबला. वडील गेले तेव्हाही इतका दाबला नव्हता.

१८ मे
तोमिएआजी ऑफिसात आल्या. वय चौऱ्याऐंशी, एकट्या राहतात. हळू आवाजात विचारलं, परवा पाचला आमच्या ह्यांची पाटी बरोबर घेतली तर चालेल का? देवघरात ठेवतात ती, नवऱ्याच्या नावाची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या नवऱ्यानेही माझी धून ऐकावी असं त्यांना वाटतं. म्हणालो, अवश्य घ्या आजी. त्या म्हणाल्या, आणि मांजर? म्हणालो, मांजरही.
साहेबांना सांगणार होतो, पण ते आठवडाभर प्रांताच्या कचेरीत प्रशिक्षणाला गेलेत. थेट वीस तारखेला येतील. कलावंताला जराशी मोकळीक मिळाली की बरं असतं.

२० मे, दुपारी ४:४०
शर्ट इस्त्रीचा. ऑफिसच्या गच्चीवर उभा आहे. गावात एवढी शांतता मी कधी पाहिली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे घरात बसून वाट बघताहेत.

५:१५
काय लिहू. पहिले चार सूर वाजले आणि गावातली सगळी दारं एकदम उघडली. एकदम. लोक बाहेर आले, पाठीवर पिशव्या, डोक्यावर हेल्मेटं, बायकांनी म्हाताऱ्यांचे हात धरलेले. आणि सगळे देवळाच्या टेकडीकडे निघाले. आधी मला कळेना. मग लक्षात आलं, उंचावरून भोंगे जास्त स्वच्छ ऐकू येतात. अशिक्षित म्हणू नये लोकांना. शेवटच्या लाटेच्या वेळी तर सगळे पळायलाच लागले. कुठल्या संगीतकाराच्या नशिबी आलंय हे?

५:३०
टेकडीवरून कुणी खाली येत नाही. पुन्हा ऐकायचंय बहुतेक.

६:०५
जरा गैरसमज झालेला आहे.

२१ मे
सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही. साहेबांनी स्वतः टेकडीवर मोजलं. चारशे बारा माणसं, अकरा मिनिटं. आम्ही दरवर्षी त्सुनामीची रंगीत तालीम घेतो, तिला शहाण्णव माणसं येतात आणि सदतीस मिनिटं लागतात. साहेब म्हणाले, निशिगुचीसान, भूकंपाच्या इशाऱ्यासारखे सूर, वर ती पाटी, वर लाटेचा आवाज. तुम्ही नक्की काय विचार केला होतात? मी म्हणालो, संध्याकाळच्या हुरहुरीचा. ते कपाळावर हात ठेवून बसले.
माझा एक मुद्दा त्यांनी ऐकून घेतला नाही. लोकांना धून समजली, हे नाकारता येणार नाही.

२३ ते २६ मे
गोड बिस्किटांचे डबे घेऊन घरोघर माफी. प्रत्येक दारात कंबरेतून वाकायचं आणि डबा पुढे करायचा. एकशे एकसष्ट घरं. कंबर गेली. सुगिमोरीकाका म्हणाले, अरे मी बोट विकली तेव्हा रडलो नव्हतो, परवा टेकडीवरून खाली समुद्राकडे बघत रडलो. वाटलं, आत्ता घर जाईल, आत्ता जाईल. आणि समुद्र नुसता तिथेच. काही करायला मागेना. मग त्यांनी डबा घेतला आणि त्यातलं एक बिस्किट मला दिलं.
तोमिएआजींचा गुडघा सुजला होता. त्यांच्या घरापासून देवळापर्यंतच्या पायऱ्या मी मोजल्यात, एकशे बत्तीस. म्हणाल्या, नऊ वर्षांत देवळापर्यंत गेले नव्हते. तो आवाज कानात शिरला आणि पाय आपोआप चालायला लागले. जन्मात विसरणार नाही तो आवाज. घरी येऊन हे वाक्य तीन वेळा फुसाएला सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी कौतुक नाही केलं हो. मला वाटतं केलं.

३ जून
जुनी घंटा टेक्निशियनने मोबाइलवर रेकॉर्ड करून नव्या यंत्रात घातली. अवघी दहा मिनिटं लागली त्याला. हे त्याला तीन एप्रिललाच करता आलं असतं.
संकल्प: यापुढे संगीत नाही. बोन्साय.

६ जून
बोन्सायला फार वेळ लागतो.

१९ जून
साहेबांनी बोलावलं. मला वाटलं बदली. त्यांनी पंचायतीचा ठराव पुढे सरकवला. माझी धून मंजूर. एकमताने. कायमस्वरूपी. आजवर कुठल्याही भोंग्याने हे गाव हललं नव्हतं, ते या धुनीने हललं, असं सदस्य म्हणाले. त्सुनामीचा अधिकृत इशारा म्हणून सतरा भोंग्यांवर यापुढे तीच.
ठराव घेऊन मी संडासात गेलो आणि दार लावून चार वेळा वाचला. ओसाकावाल्यांनी वाचायला हवा हा. तेराव्या वर्षापासून चाळीस वर्षं. शेवटी वाजली, शेवटी घेतली कुणीतरी. थोडा रडलो. फ्लश ओढून बाहेर आलो.

२० जून
ठरावाचं दुसरं पान काल नीट पाहिलं नव्हतं. ‘इशारा ध्वनी क्रमांक ३’ असं नाव दिलंय. रचनाकाराच्या रकान्यात विभागाचं नाव. ते मी लढून बदलून घेईन. पुढे नियम आहेत. रंगीत तालमीत हा ध्वनी वाजवू नये, कारण कानाला सवय झाली की लोक हलणार नाहीत. चाचणीसाठी वाजवू नये. कार्यक्रमात वाजवू नये. सर्व खाजगी प्रती नष्ट कराव्यात. विभागातल्या कर्मचाऱ्यांनी गुणगुणू नये. हा शेवटचा नियम कुणासाठी आहे ते मला कळतं, विभागात आम्ही दोघंच.
फुसाएला सांगितलं. तिने हात पुसले, माझ्यासमोर नीट बसली आणि अभिनंदन केलं. मग म्हणाली, अहो, ती धून मरेपर्यंत कधी कानावर पडू नये, एवढंच देवाकडे मागते. मी म्हणालो, तू जरा जास्तच बोलतेस.

२२ जून
अंघोळ करताना न कळत शीळ घातली. पहिलीच ओळ. खाली रस्त्यावर सायकल पडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर डाकवाला, सायकल तिथेच टाकून टेकडीकडे धावत होता. टॉवेल गुंडाळून त्याच्या मागे गेलो. पाठीला साबण.

२५ जून
मोबाइलमधली प्रत पुसली. कॉम्प्युटरमधली पुसली. एक पेन ड्राइव्ह ठेवून दिला होता, तो फुसाएने टेबलावर आणून ठेवला आणि भाजी निवडत बसली. तोही साहेबांना दिला.
आता ती फक्त यंत्रात आहे. माझी स्वतःची धून मला ऐकायची असेल तर काय व्हावं लागेल, याचा आज संध्याकाळी बसून विचार केला. विचार पूर्ण केला नाही.

१३ जुलै, रजेचा दिवस
दुपारी तीन वीसला हादरा बसला. मोठा. कपाटातल्या ताटल्या आधी वाजल्या, मग घर. आम्ही दोघं टेबलाखाली. फुसाएने टेबलाचा एक पाय धरला होता, मी दुसरा. थांबलं. मग बाहेर खांबावरचा भोंगा खरखरला.
यंत्र चालू झालं की भोंगा आधी खरखरतो, मग चार सेकंदांनी आवाज सुरू होतो. ते चार सेकंद मीच घातलेत. सुरुवातीचा सूर खाल्ला जाऊ नये म्हणून.
एक. तोमिएआजींच्या गुडघ्याची सूज अजून उतरलेली नाही. दोन. एकशे बत्तीस पायऱ्या. तीन. नको. वाजू नको. मी तोंडाने बोललो की मनात, आठवत नाही. फुसाएने माझं मनगट पकडलं होतं, तिच्या नखांचे वण अजून आहेत.
बाईचा आवाज आला. त्सुनामीचा धोका नाही. पुन्हा सांगते, त्सुनामीचा धोका नाही.
मी टेबलाखालून बाहेर आलो नाही. तिथेच बसून रडलो, चांगला मोठ्याने. फुसाए म्हणाली, वाजली नाही म्हणून वाईट वाटलं का हो? विचारताना ती माझ्याकडे अशी बघत होती, की मी हो म्हणालो असतो तरी तिने मला चहा केला असता. मी म्हणालो, नाही. तिने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, बरं, आणि चहा ठेवायला गेली.
वाजली नाही. उद्याही न वाजो.