अण्णांसाठी तीन कोटेशनं

सेक्टर १९, नोएडा
ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप हरिदासमामांना हणमंताचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, ते कळवावे. इथे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर सोडून. डॉक्टर म्हणाले, हा आजार पुरुषी हार्मोनवर पोसतो, ते बंद करायचं. कसं, ते गुरुवारपर्यंत ठरवा. मी (कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी ऑफिसातल्या खरेदीची सवय) तीन कोटेशनं मागवली. अमेरिकेहून ताईच्या नीरजने तिथल्या डॉक्टरांना विचारून ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन सांगितलं. मँचेस्टरहून धाकटीच्या अवनीने, तसंच विचारून, गोसेरेलिनचं, आणि आधी थोडे दिवस सायप्रोटेरोनच्या गोळ्या. त्या गोळ्यांना अमेरिकेत परवानाच नाही म्हणे. आणि आमचे डॉक्टर म्हणतात, छोटं ऑपरेशनही चालेल.

मामा, माणूस तोच, गाठ तीच. मग देश बदलला की औषध का बदलावं? अण्णा मँचेस्टरहून अमेरिकेला निघाले तर वाटेत समुद्रावर त्यांनी काय घ्यायचं, या विचारात मी दोनदा ऑफिसजवळचा मंडी हाउसचा बसथांबा चुकलो. शेवटी देवापुढे कौल लावला. मूर्तीवर तीन पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले, आणि तिन्ही एकदम खाली. गिरिजा म्हणाली, "अहो, पंखा तरी बंद करायचा."

मग डॉक्टरांनाच विचारलं. "देखिए हणमंतजी, काम सबका एक ही है." जिथे जे आधी तपासलं गेलं, ज्याला परवाना मिळाला, ज्याचा खर्च तिथलं सरकार किंवा विमा उचलतो आणि डॉक्टरांचा हात ज्यावर बसला, ते तिथलं आवडतं. आपल्याकडे पुष्कळ जण एकदाच अंडकोष काढून घेतात, कारण इंजेक्शनाला दर महिन्याला येणं जमत नाही. (हे ऐकून मीच पाय जवळ घेतले. अण्णा शांत होते.) मला सगळं समजलं; ठरवता मात्र काहीच येईना.

मामींना नमस्कार.

तुमचा,
हणमंत

ता. क. : खरं काम राहिलंच. दर महिन्याचं इंजेक्शन म्हणजे अण्णा इथे माझ्याजवळ राहतील. ते मात्र गावी जायचं म्हणतात, आणि ऐकतात फक्त तुमचं. तेव्हा गावच्या घराचं छप्पर गळतंय, राहण्याजोगं नाही, एवढं त्यांना लिहा. (देव मला क्षमा करो.)

ता. क. : हरिदास, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गुरुवारी ऑपरेशन करून घेतोय, डॉक्टरांना फोनवर सांगितलं. दिवाळीनंतर येतो. छप्पर खरंच गळत असेल तर आपण दोघे बघू. आमचे चिरंजीव हणमंत आत बसून जपानला कुणाला तरी पत्र लिहिताहेत. ते पुरं होऊ दे, मग त्यांना सांगतो. — विष्णू