पाइप गार लागेपर्यंत

१२ जून, गुरुवार

गाडीच्या एसीतून गरम हवा येते आहे. बायकोने, म्हणजे मार्लिसने, दुजोरा दिला. आधी मी नाकारत होतो. काल फिजिओथेरपीहून परतताना सिग्नलला तिचे पाय लुळे पडले. शेजारच्या रुडीला हाक मारून दोघांनी तिला घरात आणलं. तिला नसांचा आजार आहे. अंग तापलं की पाय ऐकत नाहीत. आणि टूसॉनच्या वाळवंटात जूनमध्ये अंग तापणारच.

मुलीचा, टॅमराचा, फ्लॅगस्टाफहून फोन. बाबा, गाडी गॅरेजला टाका, नाहीतर आईला मी इकडे डोंगरात घेऊन येते. मी म्हटलं, अगं, मी जन्मभर लोकांच्या घरांचे एसी बसवले. गॅरेजवाला मला काय शिकवणार?

संकल्प : रविवारपर्यंत दुरुस्त.

१४ जून, शनिवार

निदान : गॅस कमी. डबे आणले. मार्लिसने बॉनेटखालचं स्टिकर वाचून दाखवलं : गॅस वजन करून भरावा. वजनकाटा कुठाय, म्हणाली. तिला समजावलं की आम्हा जुन्या लोकांना काटा लागत नाही. कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणारा पाइप मुठीत धरायचा. बिअरच्या कॅनसारखा गार लागला की भरला. ते घराच्या एसीला ना रे, म्हणाली. एसी तो एसी.

पहिला डबा भरला. मार्लिस पुढच्या सीटवर, हात एसीच्या जाळीपाशी. आली रे गार हवा, म्हणाली. पुरे कर आता. पण पाइप कोमट होता. अर्धवट काम मी कधी केलेलं नाही.

दुसरा डबा. पाइप कोमटच. रुडी कुंपणावरून म्हणाला, वेंडेल, एकशे आठ फॅरनहाइटच्या उन्हात बिअर तरी गार राहते का? त्याला या धंद्यातलं कळत नाही.

१५ जून, रविवार

फादर्स डे. टॅमराने आधी शुभेच्छा दिल्या, मग एसीचं विचारलं. जवळजवळ झालंय, म्हटलं.

तिसरा डबा. हवा पुन्हा गरम. मग किंचाळल्यासारखा आवाज, इंजिनच्या पट्ट्यातून धूर. कॉम्प्रेसर जाम. तो मुळातच कमजोर असणार.

१८ जून, बुधवार

थेरपी चुकवायची नाही. रुडीचा ट्रक उंच, मार्लिसला चढता येत नाही. म्हणून आमचीच गाडी, खिडक्या उघड्या, तिच्या मानेवर ओला टॉवेल, मांडीवर बर्फाची पिशवी. योजना चोख होती. तिथे पोचल्यावर तिला उतरता आलं नाही. थेरपिस्टबाई गाडीपाशी आल्या, तिचे डोळे पाहिले आणि माझ्यादेखत टॅमराला फोन लावला. आजकाल चुगलीला काळजी म्हणतात.

घरी खुर्चीत बसल्यावर मार्लिस म्हणाली, शनिवारी मला गार लागत होतं, वेंडेल. मी सांगितलं होतं तुला.

पाइप कोमट होता, हे मी पुन्हा समजावलं.

२१ जून, शनिवार

टॅमरा आली, आईला न्यायला. तिच्या गाडीचा एसी एकदा बघून देतो म्हटलं, तर बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. बाबा, प्लीज, म्हणाली.

नवा कॉम्प्रेसर मागवलाय, गुरुवारी येईल. शुक्रवारी बसवतो आणि शनिवारी तुला आणायला येतो, असं मार्लिसला सांगितलं. उन्हाळ्यापुरतंच आहे हे, असंही म्हटलं. ती म्हणाली, ये ना. जेवून जा, टॅमरा छान करते. केव्हा परत यायचं ते बोलली नाही.

मार्लिसच्या बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून मी दाबायला घेतली. वरच तिचा लोकरीचा कोट. बर्फातला, जाड. आणि खाली बूट. डोंगरात संध्याकाळी गारठा पडतो, त्यासाठी घेतला असेल. चेन लावून दिली.

उद्या पहाटे पाचला निघणार आहेत, ऊन चढायच्या आत.